नारळावरचा पिठ्या ढेकूण : ओळख, खातरजमा आणि बंदोबस्त

माडाच्या शेंड्यात पांढरे पुंजके दिसले की पहिला हात पंपाकडे जातो. बिनसते ते नेमके तिथेच. पिठ्या ढेकूण अंगावर मेणाचा थर घेऊन न उघडलेल्या पानाच्या घडीत, झावळीच्या बगलेत किंवा पोयीच्या, म्हणजे फुलोऱ्यावरच्या वेष्टनाच्या आत दडून बसतो. वरून मारलेले औषध त्याच्यापर्यंत क्वचितच पोचते. पोचते ते उघड्यावर फिरणाऱ्या त्याच्या शत्रूंपर्यंत. मग महिन्याभरात कीड आणखी जोमाने परत येते आणि औषधे बदलत राहण्याचा फेरा सुरू होतो. म्हणून आधी नीट पाहा, मग मुंग्यांची वाट तोडा, मित्रकीटकांना वेळ द्या आणि फवारणी शेवटी ठेवा, तीही गरज असलेल्या झाडांपुरतीच. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडला तर त्याच मेहनतीचा निम्माही उपयोग होत नाही.

कीड जगते कशी

पिठ्या ढेकूण ही एकच कीड नाही. नारळावर तिच्या बऱ्याच जाती सापडतात आणि प्रदेशानुसार त्या बदलतात. कोवळ्या कोंबात राहणारी पाल्मिकल्टर पाल्मारम, अंगावर मेणाचे पिवळसर सुळके बाळगणारी निपीकॉकस निपी, शेपटीकडे लांब तंतू असलेली स्यूडोकॉकस लाँजिस्पायनस, अननसाच्या बुडाशीही राहणारी डिस्मिकॉकस ब्रेव्हिपीस ही त्यांतली काही नावे. बागेत उभे राहून जात नक्की सांगता येत नाही; त्यासाठी मादी काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पण बंदोबस्ताच्या बहुतेक पायऱ्या सगळ्या जातींना सारख्याच लागू पडतात. एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो मित्रकीटकांच्या पायरीत येईल.

मादी लांबट गोल, मऊ आणि बिनपंखी असते. लांबी साधारण २ ते ४ मिलिमीटर. बहुतेक जातींची मादी मेणाच्या तंतूंची पिशवी विणते आणि तिच्यात शेकड्यांनी अंडी घालते. अंड्यांतून निघणारी पिल्ले फिकट पिवळी किंवा गुलाबी, जेमतेम डोळ्याला दिसतील एवढी आणि चपळ असतात. सुरुवातीला त्यांच्या अंगावर मेण जवळजवळ नसते. जागा शोधत ती याच अवस्थेत सर्वांत जास्त फिरतात, वाऱ्याने दुसऱ्या झाडावर जातात, माणसाच्या कपड्यांना, दोराला, कोयत्याला चिकटून बागभर पसरतात. उबदार हवेत एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. नर अगदी बारीक आणि पंखवाला असतो. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही आणि थोडेच दिवस जगतो. नुकसान होते ते माद्या आणि पिल्लांमुळे.

यातून कामाची गोष्ट एवढी घ्यायची, की उपाय लागू पडतो तो बिनमेणाच्या पिल्लांवर. अंडी पिशवीत सुरक्षित असतात, मोठ्या माद्या मेणाखाली. म्हणून एकच जोरदार फवारणी करण्यापेक्षा सौम्य उपाय दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा केलेला जास्त उपयोगी पडतो, कारण मधल्या काळात पिशव्यांतून नवी पिल्ले बाहेर पडलेली असतात.

पायरी १ : कुठे आणि कसे पाहायचे

सुरुवात जमिनीवरून करा. उंच माडावर काय चालले आहे ते बुंध्याशी उभे राहूनही बरेच कळते.

बुंध्यावर मुंग्यांची सतत चढती-उतरती रांग आहे का, हे आधी पाहा. पिठ्या ढेकूण पानांतला रस शोषतो आणि त्यातली जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्या त्यासाठीच वर जातात. दुसरी खूण झाडाखालच्या पिकांवर आणि तणांवर मिळते. वरून पडलेल्या या चिकट द्रावावर काळी बुरशी वाढते आणि खालची पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. तिसरी खूण गळलेल्या कोवळ्या फळांत असते. दोन-चार ताजी गळलेली फळे उचला, देठाकडची टोपी नखाने किंवा चाकूच्या टोकाने उचकटा आणि आत पाहा. टोपीच्या पाकळ्यांखाली पांढरी भुकटी आणि तिच्यात हळूहळू सरकणारे गुलाबी-करडे जीव दिसले तर वरच्या घडात कीड आहे हे पक्के. शिडी लावण्याआधी मी नेहमी हीच तपासणी करायला सांगतो.

ठेंगू माड किंवा रोपे असतील तर थेट झाडावर पाहा. सर्वांत आधी शेंड्याचा कोंब, म्हणजे मधोमध उभे असलेले, अजून न उघडलेले पान. त्याच्या बुडाशी आणि घडीच्या आत वसाहत असते. मग नुकत्याच उघडलेल्या दोन-तीन झावळ्यांच्या पात्या उलटून मधल्या हिराच्या कडेने नजर फिरवा. त्यानंतर झावळीची बगल, देठाभोवतीची जाळीदार चटई आणि पोय. पोय न उघडता तशीच वाळली असेल तर ती चिरून आत पाहा.

झाडावर दिसणारी लक्षणे अशी : कोंबातून निघणारे पान आखूड, मुरडलेले, पात्या एकमेकींना चिकटलेल्या, पोय नीट उघडत नाही, फुलोरा आतच गुदमरतो, कोवळी फळे गळतात आणि काही न गळता घडावरच कडक होऊन, वाळून राहतात. प्रादुर्भाव जुना असेल तर पाने पिवळी पडतात आणि काळी बुरशी झावळ्यांवरही चढते.

कोरड्या दिवसांत पाहणी पंधरवड्यातून एकदा करा. ही कीड कोरड्या, उबदार हवेत वाढते. जोराचा पाऊस उघड्यावरची पिल्ले धुऊन नेतो. कच्च्या रस्त्याकडेच्या झाडांवर जास्त लक्ष ठेवा, कारण पानांवर धूळ बसली की मित्रकीटकांचे काम मंदावते.

पायरी २ : हा पिठ्या ढेकूणच आहे ना?

या पायरीवर वेळ घालवलात तर पुढचा खर्च वाचतो. नारळावर पांढरे दिसणारे सगळेच पिठ्या ढेकूण नसते आणि मुरडलेल्या प्रत्येक कोंबात कीड नसते.

टोकदार काडी किंवा सुई घेऊन एक पुंजका हलकेच उकला. आत मऊ, वळ्या असलेले अंग, सहा पाय आणि बहुधा कडेने मेणाचे बारीक तंतू दिसले, आणि डिवचल्यावर ते सावकाश चालू लागले, तर तो पिठ्या ढेकूण. चिरडल्यावर ओलसर पिवळा किंवा गुलाबी रस निघतो. अजून शंका असेल तर त्यावर स्पिरिटचा एक थेंब टाका. मेण विरते आणि खालचे अंग उघडे पडते. दहा पटींचे साधे भिंग यासाठी पुरते.

चक्राकार पांढरी माशी असेल तर पातीच्या खालच्या बाजूला मेणाची गोल-गोल वळणे दिसतात आणि झावळी हलवताच बारीक पांढऱ्या माश्या उडतात. तिची पिल्ले एका जागी चिकटलेली असतात, चालत नाहीत. घरटी करणारी पांढरी माशीही असते. ती पातीखाली मेणाच्या तंतूंची छोटी वर्तुळाकार घरटी करते. खवले कीड चपटी, गोल, पारदर्शक टिकलीसारखी दिसते, जागची हलत नाही आणि पान पिवळे पाडते. नारळावर नेहमी दिसणाऱ्या या कठीण खवल्याच्या किडीचा चिकट द्राव पडत नाही, ही सोपी खूण लक्षात ठेवा.

फळाच्या टोपीखाली फिकट त्रिकोणी डाग आणि पुढे तपकिरी, चिरा पडलेली, खडबडीत साल दिसत असेल तर ते काम बहुधा एरिओफाइड कोळ्याचे असते. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पांढरी पूड आणि चालणारे जीव नसतील तर पिठ्या ढेकणाचे उपाय करत बसू नका.

कोंबाच्या बाबतीत तीन गोष्टींची गल्लत होते. बोरॉनची कमतरता असेल तर पातीचे टोक आकड्यासारखे वळते, पान घडीघडीचे आणि आखूड निघते. दिसायला हे पिठ्या ढेकणाच्या नुकसानीच्या फार जवळ जाते, पण आत कीड सापडत नाही. शेंडा कुजत असेल तर कोंब पिवळा पडतो, हलक्या ओढीने हातात येतो आणि बुडाला कुजका वास असतो. हे तातडीचे प्रकरण आहे, त्याचे उपाय वेगळे आहेत. गेंड्या भुंग्याने कोंब पोखरला असेल तर पान उघडल्यावर त्रिकोणी काप दिसतात. आणखी एक, कोवळ्या कोंबावर आणि देठावर नारळाची स्वतःची पांढरट, भुसभुशीत लव असते. ती बोटाला लागते, पण तिच्यात जीव नसतो.

सर्वांत महागात पडणारी गल्लत मात्र मित्रकीटकाची असते. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या घेऊन फिरते आणि पहिल्या नजरेला मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. ती १३ मिलिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे कोणत्याही पिठ्या ढेकणापेक्षा कितीतरी मोठी. तिच्या झिरमिळ्या लांब आणि विस्कटलेल्या असतात आणि डिवचल्यावर ती लगबगीने पळते. वसाहतीत असा एखादा मोठा, धावणारा ‘ढेकूण’ दिसला तर त्या झाडावर फवारणी करू नका. तुमचे काम तो करतो आहे.

पायरी ३ : किती झाडे, किती प्रमाणात

सगळी बाग एका मापाने मोजू नका. लागण झालेल्या झाडाला रंगाची खूण करा किंवा फडके बांधा, आणि त्याच्या भोवतालची झाडे तपासा. पिल्ले चालत, वाऱ्याने आणि मुंग्यांबरोबर जवळच्या झाडांवर आधी जातात.

एखाद-दुसऱ्या झावळीवर तुरळक पुंजके असतील तर तो हलका प्रादुर्भाव. कोंब किंवा एखादी पोय धरली असेल, मुंग्या आणि चिकटपणा स्पष्ट असेल तर मध्यम. कोंब मुरडलेला, फळगळ सुरू, काळी बुरशी पसरलेली असेल तर जास्त.

पूर्ण वाढलेल्या, जोमदार माडावर तुरळक पुंजके असतील आणि त्यांत ढालकिड्याच्या अळ्या किंवा फुगलेले, तपकिरी, कडक झालेले मेलेले ढेकूण दिसत असतील, तर मी तिथे मुंग्यांच्या बंदोबस्तापलीकडे काहीही करणार नाही. तपकिरी, कडक ढेकणाच्या पाठीवर गोल भोक दिसले तर त्यातून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आहे. सहजी नजरेस न पडणारी ही माशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे काम करत राहते. रोपे आणि लहान झाडे यांच्याबाबत मात्र एवढी सबुरी नको. त्यांचा एकुलता एक कोंब सतत शोषला गेला तर वाढ खुंटते.

पायरी ४ : मुंग्यांची वाट तोडा

माझ्या मते सगळ्या बंदोबस्ताचा कणा हाच आहे, आणि नेमकी हीच पायरी सर्रास गाळली जाते. मुंग्या चिकट द्रावासाठी ढेकणांचे रक्षण करतात. ढालकिड्यांवर, त्यांच्या अळ्यांवर आणि गांधीलमाश्यांवर त्या तुटून पडतात, ढेकणांची पिल्ले नव्या जागी नेऊन सोडतात. मुंग्या हटल्या की काही आठवड्यांत मित्रकीटक स्वतःहून येऊ लागतात.

बुंध्याभोवती चिकटपट्टा लावा. गोंद किंवा ग्रीस थेट खोडाला लावू नका. आधी खोडाच्या खाचांत बसेल असा कापूस किंवा फडके गुंडाळा, त्यावर हातभर रुंदीचा प्लास्टिकचा पट्टा घट्ट बांधा आणि चिकट पदार्थ त्या प्लास्टिकवर लावा. आतले फडके महत्त्वाचे आहे. ते नसेल तर मुंग्या खाचांतून पट्ट्याखालून निघून जातात. पट्टा जमिनीपासून मीटरभर उंच असावा म्हणजे मातीचे शिंतोडे उडून तो भरत नाही. आठवड्यातून एकदा पाहा. धूळ आणि मेलेल्या मुंग्या साचून पूल तयार झाला असेल तर थर नवा द्या.

पट्टा लावून भागत नाही, दुसऱ्या वाटाही बंद कराव्या लागतात. शेजारच्या झाडाची फांदी, लोंबणारी वाळकी झावळी, वेल, बांधलेली दोरी, कुंपणाची तार यांपैकी एकही शेंड्याला टेकत असेल तर मुंग्या तिथून चढतात. पट्टा असूनही रांग दिसली तर त्या रांगेचा माग काढा, वाट सापडतेच.

वारूळ जवळ असेल तर आमिष उपयोगी पडते. साखरेच्या पातळ पाण्यात वजनाने १ टक्क्याच्या आत बोरिक अ‍ॅसिड विरघळवा, कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणाला भोके पाडलेल्या डबीत ठेवा आणि डबी मुंग्यांच्या वाटेवर ठेवा. प्रमाण वाढवण्याचा मोह टाळा. तीव्र आमिष खाऊन कामकरी मुंग्या वाटेतच मरतात. सौम्य आमिष त्या वारुळात राणी आणि पिल्लांपर्यंत नेतात. डबीवर नाव लिहा, मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा आणि उरलेले पाणी झाडाच्या आळ्यात ओतू नका. जास्तीचे बोरॉन मुळांना बाधते.

पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर थोडा विचार करा. त्या पिठ्या ढेकणांना सांभाळतात हे खरे, पण फळे शोषणाऱ्या काही ढेकण्यांना (या पिठ्या ढेकणाहून वेगळ्या किडी) आणि इतर किडींनाही त्या मारतात. सॉलोमन बेटांवर कोवळी फळे गाळणाऱ्या ढेकण्यापासून नारळ वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो. अशा वेळी सगळी वसाहत नष्ट करण्यापेक्षा लागण झालेल्या झाडापुरता पट्टा लावून भागवा.

पायरी ५ : काढा, धुवा, पुसा

जास्त धरलेल्या, वाळत आलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोयी आणि कीडग्रस्त कोवळी फळे काढून टाका. हिरव्या, कामाच्या झावळ्यांना हात लावू नका. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते आणि झावळ्या कमी केल्या की फळे कमी होतात. कोंब तर कधीच कापू नका. माडाला वाढीचा एकच बिंदू असतो, तो गेला की झाड गेले. कोंबातल्या किडीसाठी पाण्याचा झोत आणि पायरी ७ मधली फवारणीच करावी.

काढलेला माल वरून खाली टाकून बागेतून ओढत नेऊ नका. झाडाखालीच जाड पिशवीत भरा, तोंड बांधा आणि जमिनीत खोल पुरा. कोयता आणि दोर स्वच्छ करूनच पुढच्या झाडाला लावा. तपासणी आणि छाटणी नेहमी निरोगी झाडांकडून लागण झालेल्या झाडांकडे करत जा, उलट नको.

रोपे आणि ठेंगू माडांवर पाण्याचा जोरदार झोत हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सकाळी, पात्यांच्या खालच्या बाजूने आणि बगलांत झोत मारा. तीन-चार दिवसांनी पुन्हा मारा, असे दोन-तीन आठवडे चालू ठेवा. कुंडीतल्या रोपावर मोजकेच पुंजके असतील तर ७० टक्के स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने ते एकेक करून पुसून काढा. आधी एका पातीवर लावून दोन दिवस पाहा; पाती करपली नाही तरच पुढे जा.

पायरी ६ : मित्रकीटकांना कामाला लावा

क्रिप्टोलिमसचा प्रौढ भुंगेरा सुमारे ४ मिलिमीटर लांब, काळपट तपकिरी, डोके आणि मागचे टोक नारिंगी असा असतो. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा ढालकिडा १८९१-९२ मध्ये संत्रावर्गीय बागांतल्या पिठ्या ढेकणासाठी कॅलिफोर्नियात नेला गेला आणि तेव्हापासून जगभर वापरला जातो. अळी आणि प्रौढ दोन्ही ढेकूण खातात.

तो सोडताना चार गोष्टी पाळा. मुंग्यांचा बंदोबस्त आधी झालेला असावा. मागच्या दोन-तीन आठवड्यांत रासायनिक फवारणी झालेली नसावी. संध्याकाळी, थेट वसाहतीजवळ सोडा. आणि कीड पुरेशी असेल तेव्हाच सोडा, कारण खाद्य कमी असेल तर तो उडून जातो. सुरुवातीला म्हटलेला अपवाद इथे लागू होतो. क्रिप्टोलिमसची मादी तिची अंडी ढेकणांच्या मेणाच्या अंडीपिशव्यांत घालते. लांब शेपटीची जात अशी पिशवी करत नाही, तिची पिल्ले जवळजवळ लगेच बाहेर येतात, म्हणून तिच्यावर हा ढालकिडा तितकासा टिकत नाही. ढेकणांच्या शेपटीचे तंतू अंगाएवढे लांब दिसत असतील तर क्रायसोपर्ला या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाच्या अळ्यांवर आणि पाण्याच्या झोतावर जास्त भर द्या.

स्पाल्जिस नावाच्या लहान फुलपाखराची अळीही पिठ्या ढेकूण खाते. ती चपटी असते, ढेकणांचेच मेण पाठीवर घेऊन त्यांच्यात मिसळून बसते. तिचा कोष वरून पाहिला तर हुबेहूब माकडाचे तोंड दिसते. असे कोष पातीखाली सापडले तर ती पाती तोडू नका.

परोपजीवी माश्यांचे सामर्थ्य हवाई बेटांवर दिसले. तिथे निपीकॉकस निपीचा उपद्रव वाढल्यावर १९२२ मध्ये मेक्सिकोतून स्यूडाफायकस युटिलिस ही इवली गांधीलमाशी आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली. अशी आयात सरकारी संस्थांनीच करायची असते. आपल्या हातात आहे ते आहेत त्या माश्यांना न मारणे, आणि बागेत काही फुलझाडे राखणे, कारण प्रौढ माश्या मकरंदावर जगतात.

पायरी ७ : सौम्य फवारणी

वरच्या पायऱ्या करूनही रोपांवर किंवा मध्यम-जास्त लागणीच्या झाडांवर कीड हलत नसेल तर इथे या.

कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिलिलिटर. आधी १ ते २ मिलिलिटर द्रवरूप साबण थोड्या कोमट पाण्यात मिसळा, त्यात तेल घालून दुधासारखे एकजीव होईपर्यंत घुसळा, मगच उरलेले पाणी घाला. तेल वर तरंगत असेल तर फवारू नका. तेलाचे थेंब पडतात तिथे पाती करपते. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा. निंबोळ्या उपलब्ध असतील तर ५ टक्के अर्क करा : ५ किलो निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि पाणी घालून १०० लिटर करा.

हवेत ओलावा असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारा. ती ढेकणाच्या अंगावर रुजून त्याला मारते, पण रुजायला दमटपणा लागतो. कोरड्या उन्हात पैसे वाया जातात. तिच्याबरोबर किंवा मागेपुढे लगेच बुरशीनाशक वापरू नका.

कोणतेही द्रावण असो, औषधाइतकेच महत्त्व ते कुठे पडते याला आहे. पात्यांची खालची बाजू, बगला आणि कोंबाचे बूड ओले झाले पाहिजे. नुसता शेंड्यावरून धुके सोडले तर काही साधत नाही. भर उन्हात, पाण्याच्या ताणावर असलेल्या झाडावर, किंवा मधमाश्या उमललेल्या फुलोऱ्यावर असताना फवारू नका. दहा ते पंधरा दिवसांनी दुसरी फेरी द्या.

पायरी ८ : रासायनिक औषध

यावर मी मुद्दाम थोडेच लिहितो. ज्या औषधाच्या लेबलवर नारळ आणि पिठ्या ढेकूण यांची नावे आहेत तेच वापरा, लेबलवरच्या प्रमाणातच, आणि काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ काटेकोर पाळा. फवारणीआधी तयार नारळ आणि शहाळी उतरवून घ्या. आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात फिरतात आणि नारळाचे पाणी थेट पोटात जाते, ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा.

खोडाला भोक पाडून औषध भरण्याचा सल्ला मिळाला तर सहज मान्य करू नका. माडाच्या खोडाची जखम इतर झाडांसारखी नवी साल येऊन भरत नाही, ती कायम राहते आणि कुजण्याला, सोंड्या भुंग्याला वाट देते. बुप्रोफेझिनसारखी औषधे पिल्लांची कात टाकण्याची क्रिया रोखतात. मोठ्या माद्या त्याने मरत नाहीत आणि ढालकिड्यांच्या अळ्यांनाही ती घातक ठरतात, म्हणून मित्रकीटक सोडलेल्या झाडांवर ती नकोत. एकाच गटाचे औषध लागोपाठ मारू नका.

पाठीवर पंप घेऊन माडावर चढून फवारणी करू नये. जमिनीवरून लांब दांड्याने किंवा उंच झोताच्या पंपाने, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा लावून करा. फवारलेल्या झाडावर नारळ काढायला चढणाऱ्या माणसाला फवारणीची तारीख आधी सांगा.

पायरी ९ : उपाय लागू पडला का?

मेलेल्या ढेकणांचे मेण झाडावर आठवडेच्या आठवडे पांढरे दिसत राहते. त्यावरून घाबरून पुन्हा फवारणी केली जाते. सुईने टोचून पाहा : जिवंत असेल तर ओल सुटते, मेलेला कोरडा भुगा होऊन झडतो. दुसरी खूण अधिक खात्रीची आहे. लागण झालेल्या झावळीखाली संध्याकाळी गुळगुळीत कागद अंथरा आणि सकाळी तिरप्या उजेडात धरा. चमकणारे, बोटाला चिकटणारे बारीक ठिपके दिसले तर वर अजून रस शोषला जातो आहे. कागद कोरडा असेल तर थांबा.

काळ्या बुरशीवर वेगळे बुरशीनाशक लागत नाही. चिकट द्राव बंद झाला की ती वाळून सोलपटते. घाई असेल तर १ टक्का स्टार्चची खळ फवारा; ती वाळताना बुरशीला धरून पापुद्र्यांनी सुटते.

मुरडलेले पान सरळ होत नाही, त्याची वाट पाहू नका. चांगल्या माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते, तेव्हा निकाल पुढच्या दोन-तीन झावळ्यांवरून लावा. फळांना आणखी वेळ लागतो. आज उमललेल्या फुलोऱ्यातले नारळ तयार व्हायला ११ ते १२ महिने लागतात. या काळात नत्राचा मारा करू नका, कारण कोवळी, रसरशीत वाढ याच किडीला सर्वांत जास्त आवडते. शेणखत, पालाश आणि नियमित पाणी यांवर भर द्या.

मुळांवरची कीड आणि नवी रोपे

पिठ्या ढेकणाच्या काही जाती जमिनीखाली राहतात. रोप कारण नसताना पिवळे पडून खुंटले असेल आणि वर काहीच दिसत नसेल तर कुंडीतून किंवा पिशवीतून मातीचा गड्डा अलगद काढा. मुळांवर आणि पिशवीच्या आतल्या बाजूला पांढरट पुडीचे ठिपके दिसतील. अशी माती फेकून द्या, मुळे वाहत्या पाण्यात धुवा, नव्या मातीत लावा आणि पाण्याचा निचरा सुधारा. निंबोळी पेंड मातीत मिसळली तर मदत होते. फार बिघडलेले रोप वाचवत बसू नका.

बागेत कीड येते ती बहुतेक रोपांबरोबर. नवे रोप आणले की पहिला महिनाभर इतरांपासून दूर ठेवा, म्हणजे एक पिढी तुमच्या डोळ्यांदेखत पुरी होईल. दर आठवड्याला कोंबाचे बूड, पात्यांची खालची बाजू आणि मुळे पाहा. आंतरपिकांतली अननस, पेरू, कोको, कॉफी आणि कडेची जास्वंद हीही अनेक जातींची खाद्यझाडे आहेत. माड स्वच्छ करून जास्वंद तशीच सोडली तर तिच्यावरची पिल्ले पुन्हा माडावर येतात. म्हणून पाहणीच्या दिवशी जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि अननसाच्या बुडाशीही भिंग धरा.